रात्री भरणारे कोर्ट

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आणि वाचकांच्या पत्रांतही गेले काही महिने अतिविचाराविषयी बरेच लिहून येत आहे. दहावी-बारावीचे निकाल, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षा, नोकरीतली अनिश्चितता अशी निमित्ते त्यामागे असतात आणि लेखाच्या शेवटी बहुधा एकच सल्ला दिलेला असतो, तो म्हणजे स्वतःवर विश्वास ठेवा. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्याचा स्वतःवरचा विश्वासच उडालेला आहे त्याला तोच विश्वास औषध म्हणून देणे म्हणजे कोरड्या विहिरीतले पाणी शेंदून तीच विहीर भरायला सांगण्यासारखे आहे. मी स्वतः हा आजार म्हणा, स्वभाव म्हणा, तीसेक वर्षे अंगावर वागवला. त्यातून मी बऱ्याच अंशी बाहेर आलो तो माझ्या ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने, आणि त्या श्रद्धेने मला स्वतःवर विश्वास ठेवायला मुळीच शिकवले नाही. ते कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नागपूर जिल्ह्यातील न्यायालयांत बेंच क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. रोजनामा लिहिणे, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी तयार करणे, पक्षकारांना पुढची तारीख सांगणे, फाईल वेळेवर साहेबांच्या टेबलावर ठेवणे, असे ते काम. काम किचकट नव्हते, पण चुकीला जागा नव्हती, आणि माझ्यासारख्या शंकेखोर माणसाने ते पत्करायला नको होते, असे आमच्या घरातली मंडळी अजून म्हणतात.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात अडकलेला एक वयस्कर शेतकरी आमच्या कोर्टात येत असे. एका तारखेला गर्दी फार होती आणि मी रोजनाम्यात १७ तारीख लिहून त्याला तोंडाने मात्र ७ सांगितली. सात तारखेला तो पहिल्या एसटीने आला, डोक्याला दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत कागदांची गुंडाळी आणि भाकर. बोर्डावर त्याचे प्रकरण नव्हते. दुपारपर्यंत तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला आणि मग दबकत माझ्या टेबलाशी आला. मी फाईल काढली, तारीख पाहिली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी काही बोलण्याआधीच म्हातारा म्हणाला, "राहू द्या न जी बाबूसाहेब, आलोच आहो त बाजार करून जातो." तो खरोखरच बाजारात गेला, सतराला पुन्हा आला आणि पुढे वर्षभरात त्याचा वाद तडजोडीने मिटला. मला भेटला की हसून रामराम करीत असे. त्याच्या मनात त्या दिवसाचा मागमूसही राहिला नव्हता.

माझ्या मनात मात्र ते प्रकरण बंद झाले नाही. उलट झाले असते तर? सतरा सांगायचे आणि सात लिहायचे असे झाले असते, तो गैरहजर ठरला असता, दावा निकाली निघाला असता, जमीन गेली असती, तर? मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ज्याने केली त्याला माझ्यासारखाच कोणीतरी शेजारी लाभलेला असणार. त्यानंतर मी प्रत्येक तारीख तीनदा वाचू लागलो. कपाटाला कुलूप लावून बसस्टँडपर्यंत गेलेला मी कुलूप ओढून पाहण्यासाठी परत येई. घरी गॅसचे बटन, दाराची कडी, स्कूटरचे हँडल लॉक, सगळ्यांची हजेरी घेतल्याखेरीज अंथरुणाला पाठ टेकत नसे. विभागीय परीक्षेचा अर्ज दोन वेळा भरला आणि दोन्ही वेळा परीक्षेला बसलो नाही, कारण वरच्या जागेवर जाऊन आपण केवढी मोठी चूक करू याचा कीस मी आधीच पाडून ठेवला होता. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शास्त्रवाचनासाठी माझे नाव निघाले की घसा बसल्याचे कारण सांगत असे. माझा घसा वर्षानुवर्षे नेमका रविवारीच बसत होता.

आणि रात्री साडेअकरानंतर, घर निजले आणि कूलरची घरघर तेवढी उरली, की माझ्या डोक्यात कोर्ट भरत असे. आरोपी मी, सरकारी वकील मी, साक्षीदार मी, न्यायाधीशही मीच. बचावाचा वकील तेवढा कधी हजर नसे. दिवसभरात कोणाशी काय बोललो, त्याचा काय अर्थ निघाला असेल, अमुक माणूस आज हसला का नाही, याची उलटतपासणी दोन-अडीचपर्यंत चाले आणि शेवटी निकाल न देता पुढची तारीख पडे. पुढची तारीख म्हणजे दुसऱ्या दिवशीची रात्र.

आता आपण म्हणाल की हा गृहस्थ जन्मजात ख्रिस्ती, दर रविवारी देवळात जाणारा, मग श्रद्धेचा उपयोग इतकी वर्षे का झाला नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देताना मला आमच्याच लोकांविषयी थोडे कडू बोलावे लागेल. एका प्रार्थनासभेत मी धीर करून हा त्रास बोलून दाखवला, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी मला सर्वांसमोर सांगितले की चिंता करणे हेच पाप आहे आणि विश्वास कमी पडतो म्हणून असे होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या रात्री माझ्या दोषारोपपत्रात आणखी एक कलम वाढले. आधी मी चुकांची चिंता करीत होतो, आता चिंतेची चिंता करू लागलो. डोंगरावरील प्रवचनातले येशूचे शब्द असे काठीसारखे वापरले जातात याचे मला आजही वाईट वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय शांतपणे वाचला तर दिसते की ज्यांना उद्याच्या भाकरीची आणि वस्त्राची खरोखरच भ्रांत होती अशा लोकांशी तो बोलत आहे. तो त्यांना दरडावत नाही, पाखरे आणि रानातली फुले दाखवतो आणि चिंता करून कोणाला आपले आयुष्य हातभर तरी वाढवता येते का, असे विचारतो. माझ्यासारख्याला तो प्रश्न फटकाऱ्यासारखा ऐकू आला होता. पण त्यात सुटका आहे. आयुष्य वाढवण्याचे, उद्याचा दिवस सांभाळण्याचे काम मुळात माझ्याकडे सोपवलेलेच नव्हते, हे त्यातून कळते.

हे मला पुस्तकातून कळले नाही, एका बाईंच्या कोपरामुळे कळले. आमच्या उपासनेत सुरुवातीलाच सर्वजण मिळून पापकबुली म्हणतात आणि लगेच पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, उभे राहून क्षमेची वचने उच्चारतात. मी पापकबुलीतच अडकलेला असे. डोळे मिटून आठवड्याभराची यादी काढता काढता क्षमेची वचने कानावरून जात आणि मंडळी पुढच्या गीतासाठी उभी राहिलेली असे, तेव्हा मला जाग येई. एका रविवारी माझ्या शेजारी निवृत्त परिचारिका असलेल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. सगळे उभे राहिले, मी बसलेलाच. त्यांनी कोपराने मला हलकेच ढोसले आणि गीताचे पुस्तक माझ्या हातात देत म्हणाल्या, "झालं ते, भाऊ. आता उठा." त्यांना एवढेच म्हणायचे होते की लोक उभे आहेत, तुम्हीही उभे राहा. पण मी गीताचा एकही शब्द न म्हणता नुसता उभा होतो. झाले ते. इतकी वर्षे दर रविवारी निकाल जाहीर होत होता आणि मी आरोपीच्या पिंजऱ्यातून हलतच नव्हतो.

कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला इतका वेळ लागावा, याची आज मौज वाटते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ११ आमच्याकडे शिपायालासुद्धा ठाऊक असते : त्याच पक्षकारांमधला जो वाद सक्षम न्यायालयाने एकदा निकाली काढला तो पुन्हा चालवता येत नाही. कोणी तोच वाद नव्या कागदावर आणला तर न्यायालय गुणदोषांत शिरतच नाही, आधीचा निकाल पाहते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात नेमके हेच म्हटले आहे, की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात तर माझ्यासारख्यांसाठीच लिहिल्यासारखे एक वाक्य आहे. आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनाहून थोर आहे आणि त्याला सगळे ठाऊक आहे, असा त्याचा आशय. मन दोषी ठरवणारच नाही, असे योहान म्हणत नाही, हे माझ्या लक्षात उशिरा आले. मनाचे कोर्ट खालचे आहे आणि त्याच्यावर एक कोर्ट आहे, एवढेच तो सांगतो. त्याच पत्रात ख्रिस्ताला मराठी बायबलने दिलेला शब्द कैवारी असा आहे, आणि सैतान या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा असा होतो. रात्रीच्या माझ्या कोर्टात सरकारी वकील कोण होता आणि गैरहजर कोण होता, याचा मला त्या दिवशी पत्ता लागला.

म्हणूनच मी वर म्हटले की श्रद्धेने मला स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवले नाही. माझा स्वतःविषयीचा अंदाज आजही फारसा चांगला नाही. फरक एवढाच पडला की त्या अंदाजाला अखेरच्या निकालाचा दर्जा उरला नाही. मी बरा आहे की वाईट, हे रोज रात्री नव्याने ठरवण्याची जबाबदारी माझ्यावरून निघाली आणि ती निघाल्यावर इतर कामांना हात मोकळे झाले. स्वतःला सिद्ध करण्याची गरज नसलेला माणूस चूक मान्य करून पुढच्या कामाला लागू शकतो. तो म्हातारा शेतकरी तसाच बाजाराला निघून गेला होता.

हा त्रास केवळ आमच्या मोबाईलच्या काळाचा आहे, असेही कोणी समजू नये. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा या गावी राहत असताना जुनी पापे पुन्हा पुन्हा आठवून पुन्हा पुन्हा कबूल करीत असे आणि तरी काहीतरी राहून गेले असे त्याला वाटे. हे इतके विकोपाला गेले की जीव देण्याचे विचार त्याच्या मनात येऊ लागले. अखेरीस त्याने ठरवले की मागची पापे यापुढे पुन्हा कबूल करायची नाहीत, आणि तेथून तो सावरत गेला. अशा बोचणीसाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ टोकदार बारीक खडा असा आहे. चपलेत खडा गेलेला माणूस दर पावलाला त्याचाच विचार करतो आणि चालायचे कुठे होते ते विसरतो. ज्याने कधी नागपूरच्या उन्हात डांबरी रस्त्यावर थांबून चप्पल झटकली आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण ती न लिहिल्यास माझ्या पत्राचा दुरुपयोग होईल. त्या रविवारनंतर माझी सगळी शंका पळाली, असे झाले नाही. दिशा बदलली, पण झोप लगेच परत आली नाही. कुलूप तपासण्याची सवय तर प्रार्थनेला अजिबात जुमानत नव्हती. शेवटी त्याच परिचारिका बाईंनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लावले. काही महिने गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कुलूप एकदाच पाहून, अस्वस्थता सहन करीत, मागे न वळता निघून जाण्याचा सराव केला. पहिले काही दिवस चौकापर्यंत जाताना अंगाला घाम फुटत असे. त्या चौकापर्यंतच्या शंभर पावलांत मी स्तोत्रसंहितेतले तेविसावे स्तोत्र मनात म्हणत असे. आता विचाराल की गुण गोळीचा की स्तोत्राचा, तर मला वेगळे करता येत नाही आणि करावेसेही वाटत नाही.

पवित्र शास्त्राला स्वतःलाच हे वेगळे करावेसे वाटलेले दिसत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पाहावा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने हादरतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आपण आपल्या वाडवडिलांहून काही चांगले नाही, आता मरण येऊ दे, असे म्हणून झोपी जातो. आत्मविश्वास ढासळणे याहून निराळे काय असते? देव त्याला उपदेश करीत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला देतो आणि वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे असे सांगतो. विश्वास कमी पडला हा शब्द त्या अध्यायात कोठेही नाही. आधी भाकर, पाणी आणि झोप, मग चाळीस दिवसांची चाल, आणि मग कोठे देवाचा प्रश्न, की एलीया, तू येथे काय करीत आहेस. माझ्या मते प्रार्थनासभा चालवणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम पाठ करावा. गिदोन, मोशे, थोमा यांच्या शंकांविषयीही लिहिता येईल, पण जागेचे भान ठेवतो.

नव्या पिढीतल्या ज्या मुलांना श्रद्धेविषयीच शंका येतात आणि त्या शंकांमुळे आपण श्रद्धेला लायकच नाही असे वाटते, त्यांना मी आपल्याच मातीतले एक उदाहरण देत असतो. नारायण वामन टिळक नागपुरात राहत असत आणि येथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८९५ साली, मुंबईत. मधला काळ वाचनाचा, वादाचा आणि मनाच्या ओढाताणीचा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यापुढे आणखी पाच वर्षे लागली आणि त्यांनी ती ओढाताण लपवली नाही, पुढे मोकळेपणाने लिहून ठेवली. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. एकाच श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी नीट विश्वास ठेवून ये असे सांगून परत पाठवले नाही, मुलगा बरा केला.

हे पत्र कोणाला धर्म बदलायला सांगण्यासाठी नाही. आपल्या शहरात दीक्षाभूमी आहे, ताजबागेचा दर्गा आहे, टेकडीचा गणपती आहे आणि प्रत्येकाचा आधार ज्याच्या त्याच्या ठिकाणी आहे. मी माझ्या घरातले सांगितले. माझी विनंती मात्र माझ्याच घरातल्यांना, म्हणजे नागपुरातील सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यांतले काही रविवारी आपल्याच बाकांवर बसलेले असतात आणि गीताला उशिरा उभे राहतात. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. उपासनेनंतर लग्नाच्या सूचना आणि सहलीची वर्गणी जाहीर होते त्याच वेळी हा क्रमांकही वाचून दाखवावा. ज्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या आपापली परंपरा घेऊन एकत्र आल्या आणि उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, त्या नागपुरात प्रार्थना आणि मानसोपचार यांना एका बाकावर बसवणे फार अवघड जाऊ नये.

आपल्या पुरवणीच्या संपादकांनाही एक सूचना आहे. यापुढे अतिविचारावर लेख छापताना स्वतःवर विश्वास ठेवा या वाक्याशी लेख संपवण्याऐवजी, रात्री अडीच वाजता ज्याचे कोर्ट चालू आहे त्याने त्या क्षणी कोणाला उठवावे, हे कृपया लिहावे. मी आमच्या परिचारिका बाईंना उठवत असे. त्या फोन उचलून फक्त एवढेच विचारत, "जेवलात का रात्री?"

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
नागपूर

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)